अ‍ॅम्प्लिफायरची गवसणी घरीच बेतताना

तंबोऱ्याला गवसणी, पेटीला खोका आणि तबल्याला चुंबळीसकट पिशवी देण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु ज्या यंत्रावाचून आजचे भजन, सुगम संगीताची बैठक किंवा महाविद्यालयीन मुलांचा वाद्यमेळ शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतच नाही, त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या वाट्याला बहुधा एखादी विटकी चादर, नाही तर धान्याचे रिकामे पोते येते. इंदूर-खंडवा रस्त्यावरील सिमरोल आणि त्याच्या आसपासच्या वस्तीत हा प्रश्न विशेष निकडीचा आहे, कारण एकीकडे आयआयटीची स्थायी वसाहत तेथे झाल्यामुळे गिटार आणि कीबोर्डचे अ‍ॅम्प्लिफायर बाळगणारा तरुण वर्ग आला आहे, आणि दुसरीकडे इंदुरातील मराठी भजनी मंडळे आपला सरंजाम घेऊन याच रस्त्याने घाट उतरून बडवाह-ओंकारेश्वराकडे जात-येत असतात.

या दोन्ही प्रकारच्या वाचकांची पृच्छा फिरून फिरून एकाच ठिकाणी येते: रेक्झिन घ्यावे की कॅनव्हास, फोम किती जाड असावा, आणि हे काम घरच्या शिवणयंत्रावर होईल की कारागिराकडेच द्यावे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कापडाच्या दुकानात मिळत नाहीत. ती आपले यंत्र कोठे राहते, कसे फिरते आणि कशाने बिघडते, या विचारात मिळतात. म्हणून प्रारंभ तेथूनच करावा.

आधी संकट ओळखा

माळव्याच्या पठारावर वर्षभरात अ‍ॅम्प्लिफायरवर निरनिराळी संकटे येतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला पोषक ठरू शकतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये.

- धूळ: येथील काळी माती उन्हाळ्यात भुरभुरीत होते आणि तिचा बारीक कण बटणांच्या खाचांतून आत शिरतो. आवाजाचे बटण फिरवताना येणारी खरखर बहुधा या धुळीचीच असते.
- पाणी आणि दमटपणा: जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस, आणि भाद्रपदातील गणेशोत्सव नेमका त्यात. थेट पडणाऱ्या पाण्याइतकाच आवरणाच्या आत कोंडलेला दमटपणा घातक असतो. त्याने सांध्यांवर गंज चढतो आणि स्पीकरच्या कागदी कोनावर बुरशी धरते.
- हादरे: घाटातील वळणे आणि टेंपोचा लाकडी तळ यांनी कोपरे फुटतात, बटणे वाकतात.
- रंग: रंगपंचमीला इंदुरात निघणाऱ्या गेरीत गुलाल आणि पाणी ही दोन्ही एकदम येतात, ओल्या गुलालाचा लगदा जाळीत बसला म्हणजे निघता निघत नाही.
- उष्णता: मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तो त्याहून पुष्कळच वर चढतो. अशा वेळी गोंदाने चिकटवलेला फोम सुटतो, रेक्झिन चिकट होते.

आपल्या यंत्राला यांपैकी कोणती संकटे खरोखर भोगावी लागतात, ती कागदावर लिहून काढा. घरातील कोपऱ्यात कायम राहणाऱ्या यंत्राला हादऱ्यांची चिंता नाही. दर एकादशीला दुसऱ्या गावी जाणाऱ्या यंत्राला केवळ धुळीच्या आवरणाने भागत नाही.

आवरणाचे तीन प्रकार आणि त्यांतील निवड

1. साधे झाकण: एकेरी कापडाचे, खालून उघडे. घरात स्थिर असलेल्या यंत्रासाठी. जाड सुती कापड पुरेसे. फोमची आवश्यकता नाही.
2. भरलेली गवसणी: बाहेर मजबूत कापड, मध्ये फोम, आत मऊ अस्तर; वरून घालावयाची आणि खालून उघडी. दुचाकीखेरीज इतर कोणत्याही वाहनाने महिन्यातून चार-दोनदा जाणाऱ्या यंत्रासाठी हीच योग्य, आणि घरी बेतण्याजोगीही हीच.
3. तळ असलेली बंद पिशवी किंवा लाकडी पेटारा: मालगाडीने, बसच्या टपावरून किंवा इतर सामानाच्या ढिगात जाणाऱ्या यंत्रासाठी. पिशवीला चहूबाजूंनी चेन आणि भार पेलणारी नवार लागते, पेटाऱ्याला सुताराचा हात लागतो. ही दोन्ही कामे अनुभवी कारागिराकडे सोपवणेच श्रेयस्कर.

पुढील विवेचन मुख्यतः दुसऱ्या प्रकारासंबंधी आहे. पहिला प्रकार त्यातूनच फोम व अस्तर वगळून सिद्ध होतो.

कापड, फोम, अस्तर: काय घ्यावे, काय टाळावे

बाहेरच्या कापडाबाबत तीन पर्याय व्यवहार्य आहेत. जाड सुती कॅनव्हास हवा खेळती ठेवतो, घरच्या यंत्रावर निमूटपणे शिवला जातो. परंतु पहिल्या धुण्यात तो आटतो, म्हणून बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून आणि इस्त्री करून घ्यावा. रेक्झिन पाणी अडवते आणि पुसून स्वच्छ होते, पण हवाही तितक्याच निष्ठेने अडवते. बॅगांसाठी वापरले जाणारे, आतून लेप दिलेले पॉलिएस्टर कापड, ज्याला व्यापारी ६०० डेनियर म्हणून ओळखतात, ते या दोहोंच्या मधले: हलके, चिवट आणि पावसाच्या सरीला पुरून उरणारे. माळव्यात बारमाही फिरणाऱ्या यंत्रासाठी आमची शिफारस या तिसऱ्याची आहे.

सुती कापड आणि अस्तर इंदुरातील महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये निवडून घेता येते. रेक्झिन, फोम, नवार आणि बक्कले ही मोटारींची आसने मढवणाऱ्यांकडे एकाच ठिकाणी मिळतात, आणि उरलेले तुकडे मागितल्यास पुष्कळदा स्वस्तातही पडतात.

फोमच्या बाबतीत मात्र स्वस्ताईचा मोह आवरावा. गादीचा स्पंज पाणी शोषून धरतो, आणि काही वर्षांनी पिवळा पडून त्याचा चिकट भुगा होतो. हा भुगा स्पीकरच्या जाळीत आणि बटणांच्या खाचांत जाऊन बसला म्हणजे ज्या वस्तूने रक्षण करावयाचे तीच भक्षक ठरते. त्याऐवजी बंद छिद्रांचा ईव्हीए किंवा पॉलिथिलीन फोम घ्यावा. हाताने अथवा मोटारीतून नेण्यासाठी १ सेंटिमीटर जाडी पुरते. टेंपो किंवा जीपच्या तळावर ठेवावयाचे असेल तर कोपऱ्यांवर दुसरा थर द्यावा. सर्व बाजूंनी २ सेंटिमीटर फोम घातलेली गवसणी घडी होत नाही आणि घरात ठेवावयास जागा पुरत नाही, हेही विसरू नये.

अस्तरासाठी फ्लॅनेल किंवा मऊ सुती कापड घ्यावे. रेक्झिनची उलटी बाजू यंत्राच्या पॉलिशला किंवा त्यावरील प्लास्टिकच्या आवरणाला कधीही थेट लागू देऊ नये. रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले तेलकट द्रव्य उन्हाळ्यात पाझरते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात. गोणपाटही वर्ज्य समजावा, कारण तो दमटपणा धरून ठेवतो आणि त्याचे तंतू सर्वत्र गळतात.

मोजमाप आणि बेत

टेप यंत्राच्या कडांवरून नव्हे, तर सर्वांत पुढे आलेल्या भागावरून धरावा: बटणे, कोपऱ्यावरील धातूच्या टोप्या, मागचा उष्णता बाहेर टाकणारा पंखेदार भाग, सर्व हिशेबात घ्यावे. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची दर्शनी बाजू पुष्कळदा तिरकी असते. म्हणून खोली वरून आणि खालून अशी दोनदा मोजावी, आणि दोन्हींत फरक आढळल्यास बाजूचे तुकडे चौकोनी न कापता कागदावर यंत्राचीच बाह्यरेषा उमटवून घ्यावी.

समजा, आपले यंत्र ४५ सेंटिमीटर रुंद, २५ खोल आणि ४२ उंच आहे, फोम १ सेंटिमीटरचा आहे, आणि वरची मूठ बाहेर काढण्यासाठी चीर ठेवावयाची आहे. तर हिशेब असा:

- तयार रुंदी: ४५ + दोन बाजूंचा फोम २ + सैलपणा १ = ४८
- तयार खोली: २५ + २ + १ = २८
- तयार उंची: ४२ + वरचा फोम १ = ४३. खाली तळ नसल्यामुळे तेथे फोम धरू नये.
- शिवणीसाठी माया: प्रत्येक शिवणीला १.५
- खालची दुमड: ४

येथे बेताची एक युक्ती सांगणे आवश्यक आहे. पुढचा, वरचा आणि मागचा असे तीन तुकडे निरनिराळे कापण्याऐवजी ते एकाच लांब पट्टीत घ्यावेत. त्या पट्टीची लांबी ४३ + २८ + ४३ आणि दोन्ही टोकांच्या दुमडी मिळून १२२ सेंटिमीटर, रुंदी ४८ आणि दोन बाजूंची माया मिळून ५१. बाजूचे दोन तुकडे प्रत्येकी ३१ रुंद आणि ४८.५ उंच. अशा बेतात माथ्याच्या पुढल्या आणि मागल्या कडेला शिवणच राहत नाही, आणि पाणी जेथून प्रथम शिरते त्या जागा आपोआप बुजतात. बाजूचे दोन्ही तुकडे एकाखाली एक मांडून पट्टीच्या शेजारी बसवले तर सर्व मिळून ८२ सेंटिमीटर पन्हा लागतो. म्हणजे ३६ इंची पन्ह्यातसुद्धा सव्वा मीटर कापडात काम भागते. चुकीला वाव म्हणून दीड मीटर घ्यावे.

अस्तर फोमच्या आत बसावयाचे असल्यामुळे त्याची तयार मापे ४६, २६ आणि ४२ धरावीत. मौल्यवान कापडाला हात घालण्यापूर्वी स्वस्त मांजरपाटाची एक गवसणी कच्च्या धावदोऱ्याने टाचून यंत्रावर घालून पाहावी. हा खर्च वाया जात नाही, कारण तोच मांजरपाट उसवून पुढे नमुना म्हणून उपयोगी पडतो.

शिवणीचा क्रम

1. पट्टी सपाट असतानाच मुठीची चीर करावी. जागा यंत्रावर ठेवून खडूने आखावी, मागून त्याच कापडाचे दुहेरी ठिगळ लावावे, चिरेभोवती प्रथम शिवण घालावी आणि मगच मधला भाग कापावा. आधी कापून मग शिवणारांची चीर पहिल्याच उचलीत फाटते. वरून पावसासाठी एक झडप शिवून तिला वेल्क्रो लावावे.
2. बाजूचा तुकडा पट्टीला जोडताना माथ्याच्या मध्यापासून दोन्हीकडे शिवत जावे. कोपऱ्याशी पट्टीच्या मायेत लहान काप द्यावेत, म्हणजे ती वळते. कोपरा अगदी काटकोनी न ठेवता रुपयाच्या नाण्याच्या कडेने किंचित गोल करावा. टोकदार कोपरा सर्वांत आधी झिजतो.
3. टाका ३.५ ते ४ मिलिमीटर लांब ठेवावा. रेक्झिनवर बारीक टाके घातल्यास टपाल तिकिटांसारखी छिद्रांची रांग तयार होते आणि कापड त्याच रेषेत फाटते.
4. सुई १६ किंवा १८ नंबरची आणि दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. जेथे कापडाचे अनेक थर एकत्र येतात तेथे पायटा सोडून यंत्राचे चाक हाताने फिरवावे.
5. रेक्झिनला टाचण्या लावू नयेत, त्यांची भोके कायम राहतात. कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावावेत. यंत्राचा दाबपाय रेक्झिनला चिकटू लागल्यास मध्ये पातळ कागद धरून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा.
6. अस्तराची गवसणी निराळी शिवून तिच्या बाहेरून प्रत्येक बाजूस फोमचा तुकडा टाक्यांनी धरावा, गोंदाने नव्हे. दोन तुकड्यांच्या मध्ये कोपऱ्याशी बोटभर फट ठेवावी, म्हणजे गवसणीची घडी होते. माथ्यावर मुठीच्या जागी फोम आणि अस्तर यांनाही तितकीच चीर द्यावी.
7. शेवटी अस्तर बाहेरच्या गवसणीत घालून खालची दुमड त्यावर घ्यावी आणि शिवावी. दुमडीचाच नेफा ठेवून त्यात नाडी ओवल्यास वाऱ्याने गवसणी उडत नाही.

काम झाले म्हणजे अंधाऱ्या खोलीत गवसणीच्या आत विजेरी धरून पाहावे. जेथून उजेड दिसेल तेथून पाणी येईल. त्या शिवणींवर बाहेरून मेण घासून, इस्त्रीखाली कागद ठेवून हलकी ऊब द्यावी. कॅनव्हासला हा उपाय चालतो. रेक्झिनला इस्त्री लावू नये.

येथे हमखास चूक होते

- तापलेल्या यंत्रावर आवरण: ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, साहजिकच दहाच्या ठोक्याला कार्यक्रम संपतो आणि आवराआवरीची एकच घाई उडते. अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत तापलेला असतो तो याच क्षणी. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला निदान पंधरा मिनिटे आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे तरुण मंडळींच्या भाषेत ट्यूबच्या, यंत्राला अर्धा तास निवू द्यावे. तोवर तारा गुंडाळाव्यात, जाजमे उचलावीत, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी.
- चालू यंत्रावर आवरण: पावसाची भुरभुर लागली तरी चालू यंत्र कधीही झाकू नये. वरती छत धरावे किंवा कार्यक्रम थांबवून वीज तोडावी. हवा जाण्याच्या फटी बुजल्या तर यंत्र जळण्याचा, प्रसंगी आग लागण्याचा धोका असतो.
- गवसणीला धरून उचलणे: तळ नसलेल्या गवसणीच्या नवारीवर यंत्राचा भार कधीही टाकू नये. चीर ठेवली ती यंत्राचीच मूठ हाती यावी म्हणून.
- ओल्यावर बंद: भिजलेली गवसणी यंत्रावर तशीच ठेवणे हे उघडे ठेवण्यापेक्षा वाईट. ती उलटी करून सावलीत वाळवावी.
- यंत्राला भोके: टिचबटणे बसवण्यासाठी पेटीला स्क्रू मारू नयेत; त्यामुळे उत्पादकाची हमी संपुष्टात येऊ शकते.

ऋतुमानाप्रमाणे निगा

पावसाळ्यात गवसणीच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापराव्यात आणि त्या मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. आठवड्यातून एकदा आवरण काढून यंत्र थोडा वेळ चालू ठेवावे; त्याच्या स्वतःच्या उबेने आतला दमटपणा निघून जातो. उन्हाळ्यात यंत्र बंद मोटारीत ठेवून जाऊ नये. रंगपंचमीच्या गेरीत नेणे अपरिहार्यच असेल, तर गवसणीवर साधी ताडपत्री निराळी बांधावी, म्हणजे रंग तिच्यावर जिरेल आणि गवसणी वाचेल.

कारागिराकडून करवून घेताना आपले हक्क

घरी शिवणे जमत नसेल तर शिंप्याकडे किंवा आसने मढवणाऱ्याकडे काम द्यावे. मात्र तोंडी व्यवहारावर विसंबू नये.

- पावती मागा. तीवर तयार मापे, कापडाचा प्रकार, फोमची जाडी, आगाऊ दिलेली रक्कम आणि काम देण्याची तारीख नमूद करून घ्या. बिल देण्यास नकार हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो.
- मोजमाप कोणी घेतले, हे लिहून ठेवा. माप आपण दिले आणि ते चुकले, तर त्याची जबाबदारी कारागिरावर टाकता येत नाही. म्हणून शक्य असेल तर यंत्रच दुकानी नेऊन माप त्यास घेऊ द्यावे.
- सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर नसेल तर कायदा तीस दिवसांची धरतो. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही भिंतीवरील पाटी दोषयुक्त मालाला लागू पडत नाही.
- तक्रार कोठे करावी: प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तेथे समेट न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग. सिमरोलच्या रहिवाशाने माल अन्य शहरातून मागवला असला तरी त्याला आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे इंदुरातच, दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारास शुल्क नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे.

निर्णय थोडक्यात

यंत्र घराबाहेर जात नसेल तर सुती कॅनव्हासचे एकेरी झाकण शिवावे आणि त्यावर अधिक खर्च करू नये. महिन्यातून काही वेळा मोटारीने जात असेल तर पॉलिएस्टर कापड, १ सेंटिमीटर बंद छिद्रांचा फोम आणि फ्लॅनेलचे अस्तर अशी गवसणी घरीच बेतावी. परगावी मालाच्या गाडीतून जात असेल तर कात्री बाजूला ठेवून पेटाऱ्याची तजवीज करावी. हे काम वैशाखात हाती घ्यावे: कापड भिजवून वाळवण्यास ऊन असते, कारागिरांना गणेशोत्सवाची घाई नसते, आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी शिवणींची परीक्षा बादलीभर पाण्याने करून घेण्यास पुरेसा अवधी मिळतो.